अर्ल झाला म्हणजे अख्खी काउंटी त्याची झाली का? पदवी आणि जमिनीचा हिशेब

तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. तुम्ही ११९० ते १२२० च्या इंग्लंडवर कादंबरी लिहिताय, नायक साधा नाइट आहे, आठव्या प्रकरणात राजा खूश होऊन त्याला अर्ल करतो, म्हणजे एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) नावाची मोठी पदवी देतो. तुमचं विचारणं असं की आता त्या काउंटीतली सगळी जमीन त्याची झाली का, तिथले बॅरन त्याच्या हाताखाली आले का, आणि त्याच्या वरचा ड्यूक कोण दाखवायचा. सोबत चार्टही टाकलाय, राजा, ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन आणि सगळ्यात खाली नाइट.

मी गेली अठरा वर्षं इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या दफ्तरखान्यात काम करते. जुन्या मॅनरचे (मॅनर म्हणजे एका धन्याच्या हाताखालची गाव-जमीन) कागद, म्हणजे कोर्टाच्या गुंडाळ्या, खंडाच्या याद्या, जमिनीच्या मोजणीचे तक्ते, हे वाचायचं आणि त्यांची सूची करायची हे माझं रोजचं काम. त्यामुळे मी या विषयाकडे पदव्यांच्या बाजूने नाही तर जमिनीच्या बाजूने बघते आणि माझं उत्तर त्याच बाजूने येणार.

मला वाटतं तुमची खरी अडचण चार्टमध्ये नाहीये. पदवी आणि जमीन ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत असं तुम्ही धरून चाललाय, अडचण तिथे आहे. हे होणं साहजिक आहे कारण आपल्या डोक्यात सातबारा असतो, गट नंबर, त्यापुढे मालकाचं नाव, विषय संपला. पण सातबाऱ्यावर तो 'इतर हक्क' असा एक रकाना असतो ना, कुळाचा, बँकेच्या बोज्याचा, विहिरीतल्या हिश्शाचा? मध्ययुगातली जमीन म्हणजे अख्खा कागदच त्या रकान्याने भरलेला. एकाच शेतावर राजाचा हक्क, बॅरनचा हक्क, नाइटचा हक्क, कसणाऱ्याचा हक्क, चर्चचा दशमांश, आणि यातल्या कोणालाच आज आपण म्हणतो तसं मालक म्हणता येत नाही.

आधीच सांगते, यातलं बरंच देश आणि शतकावर अवलंबून आहे. ९०० सालचं फ्रान्स, १२०० चं इंग्लंड आणि १४०० चं जर्मनी यांना एकच नियम लावला तर तिन्हीकडे चुकेल. तुमचं इंग्लंड आहे आणि काळ ठरलेला आहे, म्हणून मी मुख्यतः तेच धरते.

पहिली गोष्ट, तुमच्या चार्टमधल्या तीन पायऱ्या तुमच्या काळात नव्हत्याच. इंग्लंडमधला पहिला ड्यूक झाला १३३७ साली, तिसऱ्या एडवर्डचा मुलगा, ज्याला पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणायला लागले, तो ड्यूक ऑफ कॉर्नवॉल. पहिला मार्क्विस १३८५ चा, पहिला व्हायकाउंट १४४० चा. मार्क्विस तर इतकी परकी पदवी वाटायची की जॉन बोफर्ट नावाच्या सरदाराची ती पदवी १३९९ मध्ये काढून घेतली गेली आणि १४०२ मध्ये पार्लमेंटमध्ये ती परत द्यायची मागणी झाली, तेव्हा तो स्वतःच म्हणाला की हे नाव या राज्यात अनोळखी आहे, मला नको. म्हणजे १२०० मध्ये तुमच्या नायकाच्या वर फक्त राजा. राजा स्वतः नॉर्मंडीचा ड्यूक होता खरा, पण ते समुद्रापलीकडचं प्रकरण, त्यावर पुढे येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जमिनीची साखळी असते आणि पदव्यांची साखळी असते, या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. जमिनीच्या साखळीत एकच प्रश्न विचारतात, तू ही जमीन कोणाकडून धरतोस आणि त्याबदल्यात काय देतोस. 'धरतो' हेच क्रियापद, लॅटिनमध्ये 'टेनेट'. १०८६ चं डोम्सडे बुक उघडा, ते सगळं या एका शब्दावर उभं आहे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यम द काँकररने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवला असताना हा सर्व्हे करायचं ठरवलं, आणि दर गावाबद्दल विचारलं की आज कोण धरतो, एडवर्ड राजाच्या वेळी, म्हणजे १०६६ च्या आधी, कोण धरत होता, किती हाइडची (हाइड म्हणजे कर आकारायचं जमिनीचं माप) आकारणी, किती नांगर चालतात, माणसं किती.

एक नोंद जवळून बघू. हर्टफर्डशरमधलं बर्कमस्टेड. मॉर्टेनचा काउंट (समुद्रापलीकडे अर्लच्या तोडीची पदवी) ते धरतो, १३ हाइडची आकारणी, २६ नांगरांची जमीन, आधी ते हॅरॉल्डच्या, म्हणजे १०६६ मध्ये विल्यमकडून हरलेल्या इंग्लिश राजाच्या, एडमर नावाच्या सरदाराकडे, तिकडच्या भाषेत 'थेन'कडे होतं, आणि गावात ५२ बर्जेस म्हणजे नगरात राहणारे हक्कदार लोक. आता हा मॉर्टेनचा काउंट कोण, तर विल्यमचा सावत्र भाऊ रॉबर्ट. मॉर्टेन हे नॉर्मंडीतलं एक लहानसं ठिकाण, त्याची पदवी तिथली. पण इंग्लंडमध्ये त्याच्याकडे ८०० च्या आसपास मॅनर होते, कॉर्नवॉलचा मोठा भाग, ससेक्समध्ये पेव्हेन्सी, हर्टफर्डशरमध्ये हे बर्कमस्टेड, आणखी कितीतरी काउंट्यांमध्ये तुकडे. म्हणजे पदवी एका लहान जागेची, जमीन दुसऱ्याच देशात, आणि तीही विखुरलेली. त्याच काळातला अ‍ॅलन रूफस बघा, ब्रिटनीच्या घराण्यातला, त्याला सगळे काउंट अ‍ॅलन म्हणायचे पण तो अमुक एका काउंटीचा काउंट नव्हताच, तिथल्या सत्ताधारी घराण्यातला म्हणून मान. आणि यॉर्कशरमधल्या रिचमंडपासून पूर्व इंग्लंडपर्यंत त्याची जमीन पसरलेली, त्या वेळच्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक.

विखुरलेली का, हे बरेच जण विचारतात. कारण जमीन नकाशावर रेघ मारून वाटली नव्हती. बऱ्याचदा एका नॉर्मनला एका जुन्या इंग्लिश सरदाराची सगळी मालमत्ता जशीच्या तशी मिळाली आणि ती आधीपासूनच पाच ठिकाणी पसरलेली होती. शिवाय देश एका दिवसात जिंकला नाही, वीस वर्षं बंडं मोडत, जप्त्या करत वाटप चाललं होतं. त्यामुळे कुठल्याही एका काउंटीत गेलात तर तिथे राजाची स्वतःची जमीन, दोन-तीन मठांची, बिशपची, आणि दहा-वीस वेगवेगळ्या मोठ्या लोकांची अशी सगळी गोधडी असते. ढोबळमानाने १०८६ मध्ये देशातल्या जमिनीच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राजाकडे, पाव चर्चकडे, उरलेल्यात सगळे सरदार.

याला अपवाद होते आणि ते मोठे होते. चेशरच्या नोंदीत सरळ लिहिलंय की बिशपची जमीन सोडली तर बाकी सगळी काउंटी अर्ल ह्यू आणि त्याची माणसं राजाकडून धरतात. तिथे अर्लचे स्वतःचे बॅरन होते, स्वतःची न्यायव्यवस्था होती. वेल्सच्या सीमेवरही असंच. म्हणजे तुम्हाला तुमचा चार्ट अगदीच सोडवत नसेल तर नायकाला चेस्टरच्या अर्लच्या पदरी ठेवा, तिथे तो बऱ्यापैकी चालेल. बाकी इंग्लंडात नाही.

मग अर्ल झाल्यावर मिळायचं काय? राजाच्या हातून कमरेला तलवार बांधली जायची, हा मान. आणि काही अर्लना काउंटीच्या कोर्टातून येणाऱ्या दंडाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, त्याला तिसरा पेनी म्हणायचे. ती रक्कम मोठ्या घरंदाज माणसाच्या जमिनीच्या उत्पन्नापुढे किरकोळ असायची. काउंटी चालवायचा शेरिफ, आणि तो राजाचा माणूस, अर्लचा नव्हे. पोलीस, वसुली, कोर्ट, सगळं शेरिफकडे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ऑक्सफर्डच्या अर्लचं. ११४१ मध्ये, यादवी चालू असताना, ऑब्री डी व्हिअरला गादीवर हक्क सांगणाऱ्या सम्राज्ञी मटिल्डाने अर्ल करायचं कबूल केलं. त्या सनदेत काय आहे बघा, केंब्रिजशर घे, आणि ते जर स्कॉटलंडच्या राजाकडे असेल तर ऑक्सफर्डशर, बर्कशर, विल्टशर, डॉर्सेट या चारांपैकी एक निवड. म्हणजे पदवीला नाव कुठलं लावायचं याची यादी दिलीय! शेवटी ऑक्सफर्ड लागलं, आणि त्या घराण्याचा मोठा किल्ला होता एसेक्समध्ये, हेडिंगहॅमला, जमिनीचा गाभाही तिकडेच. पुढची कित्येक शतकं ते ऑक्सफर्डचे अर्ल म्हणून मिरवले आणि त्यांचं घर एसेक्समध्येच राहिलं. तुमच्या नायकाला अमुक काउंटीचा अर्ल केलंत तर त्याचा वाडा तिथेच असायला हवा असं काही नाही, उलट दुसरीकडे असेल तर जास्त खरं वाटेल.

बॅरनचंही बघून घेऊ, थोडक्यात. तुमच्या काळात बॅरन ही राजाने कागदावर दिलेली पदवी नव्हती, ते पत्राने बॅरन करणं १३८७ मध्ये सुरू झालं. १२०० मध्ये बॅरन म्हणजे साधारणपणे राजाकडून थेट जमीन धरणारा मोठा माणूस. मोठा किती, याची ठरलेली मोजपट्टी नव्हती. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे बॅरनांनी जॉन राजाकडून लिहून घेतलेल्या सनदेत, एक कलम आहे की कर बसवायचा असेल तर आर्चबिशप, बिशप, अ‍ॅबट, अर्ल आणि मोठे बॅरन यांना एकेकाला वेगळं पत्र पाठवून बोलवायचं, बाकी थेट धरणाऱ्यांना शेरिफमार्फत एकत्र निरोप. म्हणजे राजाचं पत्र तुमच्या नावाने घरी येतं का, हाच त्या काळचा फरक. कादंबरीत हा प्रसंग सोन्यासारखा आहे, शेजाऱ्याकडे दूत येतो आणि आपल्या दारावरून पुढे जातो.

आणि नाइट ही पायरी नाहीच, तो एक पेशा आहे, घोडा, चिलखत, आणि शिक्षण. काही नाइटांकडे जमीन होती, काही नुसते कोणाच्या तरी घरी जेवून-खाऊन राहायचे. एका नाइटच्या चाकरीपुरती जमीन म्हणजे 'नाइट्स फी', वर्षाला साधारण ४० दिवसांची चाकरी असा हिशेब सांगतात, पण बाराव्या शतकात अर्ध्या, पाव, दहाव्या हिश्शाच्याही नाइट्स फी कागदोपत्री सापडतात. एक दशांश नाइट घोड्यावर बसत नाही हो, त्याचे पैसेच वसूल होतात. ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीने थेट धरणाऱ्या सगळ्यांकडून लेखी मागवलं की तुमच्या जमिनीवर किती नाइट बसवलेत, ते कळलं की पैसे किती मागायचे ते कळतं.

इथपर्यंतचं जरा गोळा करते म्हणजे पुढचं सोपं जाईल: पदवी म्हणजे मान आणि थोडं उत्पन्न, जमीन म्हणजे खरी ताकद, ती विखुरलेली, आणि ती कोणाकडून धरली यावर निष्ठा ठरते, कोणाची पदवी मोठी यावर नाही.

आता तुमच्या नायकासाठी आयता नमुना देते, विल्यम मार्शल. त्याचं आयुष्य नेमकं तुमच्या काळातलं, ११४७ च्या सुमाराचा जन्म, १२१९ मध्ये मृत्यू. थोरला मुलगा नव्हता, वाट्याला जमीन काही नाही, तरुणपणी टूर्नामेंट जिंकून पोट भरलं. मग राजघराण्यात चाकरी. ११८९ मध्ये, वय चाळिशी ओलांडलेलं, तेव्हा रिचर्ड राजाने त्याचं लग्न इझाबेल डी क्लेअरशी लावून दिलं. ती सतरा-अठरा वर्षांची असेल, वडील वारलेले, भाऊ नाही, राजाच्या ताब्यात लंडनच्या टॉवरमध्ये. तिच्यामागून वेल्सच्या सीमेवरचं स्ट्रिगल म्हणजे आजचं चेपस्टो, आयर्लंडमधलं लेन्स्टर, शिवाय इंग्लंड-नॉर्मंडीतले तुकडे आले. एका लग्नाने बिनजमिनीचा नाइट देशातल्या मोठ्या जमीनदारांत जाऊन बसला.

आणि अर्ल, म्हणजे पेंब्रोकचा अर्ल, कधी झाला? ११९९ मध्ये, जॉन राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, दहा वर्षांनी! त्या वेळचा इतिहासकार लिहून ठेवतो की त्याला आणि जेफ्री फिट्झ पीटरला त्याआधीही लोक अर्ल म्हणायचे, कारभारही ते बघायचे, पण तलवार त्या दिवशी बांधली गेली आणि दोघांनी तीच तलवार कमरेला असताना राजाच्या पंगतीला वाढलं. मला हे दृश्य फार आवडतं. देशातली एवढी मोठी दोन माणसं, हातात ताट, वाढताहेत, आणि तोच त्यांचा मोठा सन्मान आहे. तुमच्या आठव्या प्रकरणात राजा अर्ल करतो तेव्हा हे वापरा. पण क्रम उलटा करा. आधी जमीन, म्हणजे लग्न, मग पदवी. नुसती पदवी दिली आणि जमीन नसली तर तो माणूस चार घोडेस्वारही पोसू शकणार नाही.

मार्शलच्याच आयुष्यात तुमच्या 'वर कोण' या प्रश्नाचंही उत्तर आहे. १२०४ मध्ये जॉनच्या हातून नॉर्मंडी गेली, फ्रान्सच्या फिलिपने घेतली. मार्शलची लॉंगव्हिल ही जहागीर तिकडे. ती वाचवायची तर फिलिपपुढे गुडघे टेकून हात जोडून त्याच्या हातात द्यायला हवेत, होमेज करायला हवं. त्याने ते १२०५ मध्ये केलं. मग जॉन म्हणाला चल माझ्याबरोबर फिलिपवर स्वारी करू, तर हा म्हणतो मी त्याचाही माणूस आहे, त्याच्याविरुद्ध येऊ शकत नाही. जॉन भयंकर संतापला. पण बघा, यात मार्शल गद्दार नाही, एकाच माणसाने दोघांकडून जमीन धरली की हा पेच येणारच. खुद्द इंग्लंडचा राजाही फ्रान्समधल्या जमिनीपुरता फ्रान्सच्या राजाचा माणूस होता, जॉनची नॉर्मंडी गेली ती याच नात्याने, फ्रान्सच्या दरबारात हजर राहिला नाही म्हणून १२०२ मध्ये जप्तीचा निकाल लागला.

फ्रान्समध्ये तर हे फार पुढे गेलेलं होतं. तूलच्या जॉनचं एक निष्ठापत्र आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं. तो शॅम्पेनच्या काउंटेसला आणि तिच्या मुलाला लिहून देतो की मी तुमचा माणूस, पण आणखी तिघांचाही आहे. त्यातला एक ग्रांप्रेचा काउंट. त्याची तुमच्याशी लढाई झाली आणि भांडण त्याचं स्वतःचं असेल तर मी स्वतः त्याच्या बाजूने उभा राहीन, आणि तुमच्या जमिनीबद्दल जितके नाइट द्यायचे तितके तुमच्याकडे पाठवीन. म्हणजे मालक एका बाजूला आणि त्याचीच माणसं समोर. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते वकिली चलाखीचं वाटलं होतं, आता वाटतं की बिचारा जे जे कबूल केलंय ते सगळं प्रामाणिकपणे पाळायला बघतोय.

आता 'सरंजामशाही' या आपल्या शब्दाबद्दल थोडं, कारण तुम्ही प्रश्नात तो चार वेळा वापरलाय. युरोपातल्या या व्यवस्थेला मराठीत हाच शब्द रूढ आहे आणि तो वाईट नाही, पण फसवतो. आपल्याकडे सरंजाम म्हणजे फौज ठेवण्यासाठी दिलेला मुलूख, तत्त्वतः चाकरीशी बांधलेला, धन्याने काढून घेतला तर घेतला. वतन मात्र पिढीजात, देशमुखी-पाटीलकी लोक जिवापाड जपायचे. युरोपातली गोष्ट अशी की तिथे सुरुवात सरंजामासारखी झाली आणि शेवट वतनासारखा. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या वेळी काउंट म्हणजे नेमलेला अधिकारी, आज इथे उद्या तिथे, पगाराऐवजी जमीन. ड्यूक म्हणजे मूळचा सेनापती, मार्क्विस सीमेवरच्या मुलखाचा. ८७७ मध्ये राजा चार्ल्स द बॉल्ड इटलीला निघाला तेव्हा कियेर्झी इथे असं ठरलं की या काळात कोणी काउंट वारला तर मुलाचा हक्क सांभाळायचा. तोवर मुलाने बापाची जागा घेणं सर्रास झालंच होतं. पुढच्या शंभर वर्षांत ही पदं घराण्यांची मालमत्ता झाली. मोठा-लहानही तेव्हा पदवीवरून ठरत नव्हतं, फ्लँडर्स किंवा अंजूचा काउंट कितीतरी ड्यूकना भारी पडायचा.

जर्मनीत आणखी वेगळं, तिथे पदवी सगळ्या मुलांना लागायची आणि जमिनीच्या वाटण्या होत होत चिमुकल्या काउंट्या झाल्या, शिवाय तिथे आणि दक्षिण फ्रान्समध्ये कोणाकडूनच न धरलेली, पूर्ण स्वतःची जमीनही बरीच होती. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर तसली जमीनच उरली नाही, सगळी शेवटी राजाकडून. बस, तुम्हाला याची गरज नाही म्हणून इथेच थांबते.

तुमच्या कादंबरीला खरं खाद्य आहे ते जमिनीबरोबर येणाऱ्या हक्कांत. कोणी थेट धरणारा वारला तर वारसाने जमीन ताब्यात घ्यायला राजाला नजराणा द्यायचा, त्याला रिलीफ म्हणत. जॉन राजाने यात कहर केला, १२०५ मध्ये निकोलस डी स्टटव्हिलला वारशासाठी १०,००० मार्क लावले. मार्क म्हणजे दोन तृतीयांश पाउंड. दहा वर्षांनी मॅग्ना कार्टात ठरलं की अर्ल किंवा बॅरनच्या वारसाला १०० पाउंड, आणि पूर्ण नाइट्स फीला जास्तीत जास्त १०० शिलिंग. दोन आकडे शेजारी ठेवून बघा, बॅरन लोक का उठले ते समजतं. वारस लहान असेल तर तो वयात येईपर्यंत जमीन धन्याच्या ताब्यात, उत्पन्न धन्याचं, आणि त्या मुलाचं-मुलीचं लग्न कोणाशी लावायचं तेही धनी ठरवणार, हा हक्क चक्क विकला जायचा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात, पण तिनेही राजाच्या मर्जीने पुन्हा लग्न करावं असा दबाव. ११८५ ची एक यादी आहे, बारा काउंट्यांतल्या विधवा आणि अनाथ वारस, प्रत्येकीचं वय, मुलं किती, जमिनीचं उत्पन्न, गुरं किती. बाई साठीची, बाई तिशीची, एवढे बैल, एवढ्या मेंढ्या, सगळं एका ओळीत. ती यादी मी शिकताना पहिल्यांदा वाचली आणि दोन दिवस डोक्यातून गेली नाही. इझाबेल डी क्लेअर टॉवरमध्ये कशाची वाट बघत होती ते अशा याद्यांवरून कळतं.

चाकरीचे प्रकारही नुसते लढाईचे नव्हते. केंटमध्ये एकाने जमीन धरली होती ती या अटीवर की राजा इंग्लिश खाडी ओलांडताना त्याला मळमळलं तर त्याचं डोकं धरायचं. सफकमधल्या हेमिंगस्टनची जमीन, नाताळच्या दिवशी राजापुढे एक उडी, एक शिट्टी आणि एक पाद. हे खरोखर नोंदलेलं आहे, जमीन त्या अटीवर टिकून होती.

आणि सगळ्यात खाली जो नांगर धरतो त्याला विसरू नका. माझं रोजचं काम त्याच्याशीच आहे. चर्मपत्राची लांब गुंडाळी, शाई तपकिरी पडलेली, कारकून भराभर लिहितोय. अमका वारला, धन्याला उत्तम जनावर म्हणून एक बैल दिला, मुलगा आला, एवढी रक्कम देऊन बापाची जमीन घेतली. अशी नोंद मी शेकडो वेळा वाचलीय आणि दर वेळी मला तो बैलच दिसतो, घरातला कर्ता गेला त्याच आठवड्यात गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर दावं सोडून नेलं. कायद्याने ही जमीन धन्याची, पण रिवाजाने मुलाला मिळणार हे सगळ्या गावाला ठाऊक. पुढे त्या नोंदीची नक्कलच त्याचा पुरावा झाली, आणि 'नकलेवर धरलेली' ही जमीन इंग्लंडच्या कायद्यातून गेली ती १९२६ साली. एक सावधगिरी, अशा गुंडाळ्या आपल्याला मिळतात त्या तेराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासपासूनच्या, म्हणून १२०० च्या प्रसंगात कारकून लिहिताना दाखवू नका, गावकऱ्यांच्या तोंडी साक्षीवर निवाडा दाखवा.

मॅनरचा लॉर्ड म्हणजे सरदार पदवी, असंही तुमच्या प्रश्नातून डोकावतंय. नाही. मॅनरचा लॉर्ड मठही असू शकतो, विधवाही, एखादा व्यापारीही. आजही ऑनलाइन लॉर्डशिप विकायला असतात आणि घेणाऱ्यांना वाटतं आपण उमराव झालो. त्यात मिळतं ते एका मॅनरचं नाव आणि कधीकधी थोडे जुने हक्क, उमराव कोणी होत नाही.

मग तुमच्या मसुद्यात काय बदलायचं? ड्यूक, मार्क्विस आणि व्हायकाउंट पूर्ण काढा. शेरिफ आणा, तो राजाचा माणूस, आणि नायकाचं त्याच्याशी पटत नाही असं दाखवलंत तर अगदी बरोबर होईल. नायकाची जमीन किमान तीन काउंट्यांत टाका, एक तुकडा नॉर्मंडीत ठेवा म्हणजे १२०४ मध्ये तुम्हाला आपोआप पेच मिळेल. काउंटीतल्या बॅरनांना त्याचे चाकर करू नका, ते त्याचे शेजारी आहेत, काही त्याच्याहून श्रीमंत. हा, त्यातल्या एखाद्याने नायकाकडून दोन गावं धरलेली असू शकतात, तेवढ्यापुरता तो त्याचा माणूस, आणि नायकानेही त्या बॅरनकडून एखादं गाव धरलेलं असू शकतं, हे उलटंसुलटं नातं खरंच असायचं.

आणि शेवटचं प्रकरण लिहायच्या आधी नायकाला मुलं किती ते ठरवा. मार्शलला पाच मुलगे आणि पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि पाचही निपुत्रिक गेले, शेवटचा १२४५ मध्ये. त्यांच्यापैकी कोणाला मुलगा असता तर थोरल्याला सगळं, पण मुलींमध्ये थोरली-धाकटी हा भेद नाही, जमीन सारखी वाटायची, म्हणून लेन्स्टर, चेपस्टो, सगळ्याचे पाच भाग होऊन मुलींकडे आणि त्यांच्या पोरांकडे गेले. त्याचं 'मार्शल' हे दरबारातलं पिढीजात पद थोरल्या मुलीच्या घरी, नॉर्फकच्या बिगॉड घराण्यात. पेंब्रोकची जमीन पाचव्या मुलीच्या लेकीमार्फत तिच्या नवऱ्याकडे. आणि अर्लची पदवी वाटता येत नाही म्हणून ती कोणालाच लगेच मिळाली नाही. एकाच माणसाची जमीन, पद आणि पदवी अशा तीन वाटांनी गेली. तुमच्या नायकाला दोन मुली असतील तर दुसरा भाग तुमच्यापुढे तयारच आहे, फक्त थोरलीचा नवरा कोणाकडून जमीन धरतो ते आत्ताच लिहून ठेवा.